बरडावरचं ऊन

थंडी पडायला लागली तशी शेतीची लाईट पुन्हा रात्रीच्या पाळीवर गेली आणि निंबाच्या घरची झोप मोडली. संध्याकाळची भाकर खाल्ली की निंबा आणि त्याचा मुलगा योगराज घोंगडी अन् बॅटरी घेऊन वावरात जात, आणि उजाडल्यावर मांडीपर्यंत चिखलाने भरून परत येत. योगराज आल्या आल्या आडवा होई. निंबाला दिवसा झोप लागत नसे. तो ओट्यावर उन्हाला बसून टाचांच्या भेगांत बसलेला चिखल काडीने उकरत राही. बायको कुंदाबाई चहा ठेवून जाई. चहा गार होई तरी तो दक्षिणेकडे बघत बसलेला असे.

दक्षिणेला छगनचं बरड होतं.

छगन हा निंबाचा धाकटा भाऊ. वडिलांनी हयातीतच वाटण्या केल्या तेव्हा थोरल्याने आधी निवडावं असं ठरलं होतं, आणि निंबाने नाल्याकाठची काळी जमीन निवडली होती. विहीरही त्यातच होती. यात लांडीलबाडी काही नव्हती. त्याच्या जागी कोणीही तेच केलं असतं. छगनच्या वाट्याला बांधापलीकडचं बरड आलं. वर बोटभर माती, खाली सगळा मुरूम. छगनने दोन-चार पावसाळे तिथे बाजरी टाकून पाहिली. कणसं बोटाएवढी आली. मग तो बायकोला गावी ठेवून सुरतेला गेला, रंगाच्या मिलमध्ये लागला, आणि बऱ्याच वर्षांनी छातीत खोकला घेऊन परत आला.

तो जायच्या आधीपासून ती सगळी वर्षं छगनची बायको कमलबाई निंबाच्या वावरात मजुरीने येत होती. निंदणीला येई, कापूस वेचायला येई. निंबाने तिला कधी इतर बायांपेक्षा कमी दिलं नाही. उलट सणाला वरून पायलीभर दादर ज्वारी किंवा गहू तो तिच्या पदरात घाले. ती मान खाली घालून धान्य घेई, तेव्हा निंबाला आपण थोरले असल्यासारखं वाटे. करंजखेड्यातले लोक म्हणत, निंबाआबाने भावाचं घर सांभाळलं. ते त्याच्या कानावर येई आणि दिवसभर त्याचं पाऊल हलकं पडे.

मागच्या उन्हाळ्यात सौर प्रकल्पाची माणसं गावात आली. गावाचं सबस्टेशन बरडाला लागूनच होतं, म्हणून त्यांना तीच जागा हवी होती. दुर्बिणी लावून त्यांनी मोजणी केली. निंबा बांधावर उभा राहून बघत होता. शेवटी न राहवून त्याने त्यातल्या एका पोराला विचारलं, आमचं वावरही लागूनच आहे, ते नाही का चालणार. पोराने नाल्याकाठच्या कपाशीकडे एकदा पाहिलं आणि तो हसला. म्हणाला, काका, एवढी चांगली जमीन कशाला वाया घालवता, आम्हाला असलीच पडीक लागते.

आयुष्यभर ज्या जमिनीचं नाव झालं होतं ती चांगली म्हणून नाकारली गेली. हे निंबाला विसरता येईना.

दिवाळीपर्यंत बरड ओळखू येईना. चारी बाजूंनी जाळीचं कुंपण झालं आणि आत लोखंडी पायांवर निळ्या काचांच्या रांगाच रांगा उभ्या राहिल्या. सबस्टेशनच्या बाजूला सिमेंटच्या ओट्यावर मालट्रकच्या डब्यांसारखे पांढरे डबे आणून ठेवले. त्यात बॅटऱ्या होत्या. दुपारची जास्तीची वीज त्यात भरायची आणि ऊन उतरलं किंवा आभाळ आलं की बाहेर काढायची, अशी व्यवस्था होती. डब्यांना गार ठेवणारी मशिनं दिवसभर घोंघावत. गावातल्या बाया त्यांना बर्फाच्या गाड्या म्हणायला लागल्या. चाचण्या चालू होत्या. होळीच्या आत सगळ्या शिवाराला दिवसा लाईट मिळेल असं सांगत होते.

छगनला जमिनीचं भाडं सुरू झालं, आणि वर फाटकापाशी राखणीचं काम मिळालं. तो प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला असे, डोक्याला मफलर, हातात काठी. खोकला कमी झाला होता. निंबा कपाशीत वाकला की त्याला तो दिसे. वाकला नाही तरी दिसे. दुपारी काचांवरून ऊन उसळलं की कपाशीच्या ओळीत निंबाच्या डोळ्यांवर तिरीप येई आणि त्याला तोंड फिरवून वेचावं लागे.

कापसाच्या दुसऱ्या वेचणीला बाया मिळेनात. निंबाने कमलबाईला निरोप धाडला. ती स्वतः आली, ओट्याच्या कडेला टेकली, आणि हळू आवाजात म्हणाली की आता होत नाही, गुडघे धरतात, डिंपलही बाळंतपणाला येणार आहे. डिंपल तिची लेक, सुरतेला दिलेली. ती म्हणाली त्यात खोटं काही नव्हतं. कुंदाबाईने तिला चहा दिला. कमलबाई गेल्यावर कुंदाबाई बराच वेळ कप विसळत राहिली.

"तिन्ह्या टाचा देख्यात का तुम्ही?" ती म्हणाली. "लोन्यासारख्या व्हई गयात."

कुंदाबाईची बोटं कपाशीच्या सुकलेल्या बोंडांनी ओरबाडून निघालेली होती. नखांच्या कडेला रक्त सुकून काळं झालं होतं. तिने हात लुगड्याला पुसले आणि पदराखाली घेतले.

त्या वर्षी कापूस घरच्यांनीच वेचला. निंबा, कुंदाबाई आणि सून नूतन. योगराज रात्रपाळीचं पाणी भरून दुपारी उठला की येई. नूतन अंगाने बारीक, पाचोऱ्याकडची, कामाला चपळ. बोलायची कमी. निंबाला ती आवडत असे. पोटच्या पोरीसारखी आहे असं तो चारचौघांत सांगे.

कापूस घरात आला आणि हाताला काम राहिलं नाही. तेव्हा प्रकल्पावरचा सुपरवायझर हितेंद्र गावात बाया शोधत आला. काचा धुवायच्या होत्या. धुळीने वीज कमी होते, म्हणून ऊन चढायच्या आत पाइपाने पाणी मारून लांब दांड्याच्या पोतेऱ्याने पुसायचं काम होतं. नूतनने घरी विचारलं. निंबाने नाही म्हटलं. का नाही, ते सांगितलं नाही. कुंदाबाई म्हणाली की सगळ्याच जातात, शेजारच्या मोतीलालची सूनही जाते, सकाळचं काम आहे, भाकरीच्या वेळेला घरी. निंबा उठून गोठ्यात गेला.

नूतन कामाला जायला लागली हे त्याला घरात कोणी सांगितलं नाही. ते मोतीलालने सांगितलं, पारावर, चहा पिता पिता. मोतीलालच्या मनात काही नव्हतं. तो सहज म्हणाला, "बरं व्हयनं आबा. तुमनी सून आते छगनभाऊकडे कामले जास."

छगनभाऊकडे. निंबाने बशीतला चहा तसाच ठेवला. काम कंपनीचं होतं, हजेरी हितेंद्र घेत होता, छगन फक्त फाटक उघडत होता. पण गावाच्या तोंडी ते छगनकडचं काम झालं होतं. इतकी वर्षं कमलबाई निंबाकडे कामाला जाते असं गाव म्हणत होतं, तसंच. घरी येऊन तो नूतनशी काही बोलला नाही. पण तिने वाढलेल्या ताटावरून भाकर अर्धी ठेवून उठला. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. नूतन समजली. ती अगदी पहाटे उठून सगळं आवरून, आवाज न करता जायला लागली.

मका खळ्यावर पडून होता. दरवर्षी निंबा मळणीचं मशीन विहिरीपाशी, चिंचेच्या आडोशाला लावत असे. वारा उत्तरेचा, पलीकडे बरड रिकामं, कोणाला काही त्रास नव्हता. यंदा ट्रॅक्टरवाला मशीन घेऊन आला तेव्हा निंबा पुढे झाला आणि त्याला थेट दक्षिणेच्या बांधावर घेऊन गेला. कणसं तिकडे वाहून न्यावी लागली. योगराजने विचारलं, एवढ्या लांब कशाला. निंबा म्हणाला, तिकडून ट्रॅक्टर वळवायला बरं पडतं.

मशीन सुरू झालं. दाणे एका तोंडातून, रिकामी बुरखुंडं दुसऱ्या तोंडातून आणि भुसा वर. लालसर, बारीक, अंगाला खाजवणारा भुसा. उत्तरेचा वारा त्याला उचलून कुंपणावरून नेत होता आणि काचांवर पसरत होता. निंबा घमेल्याने कणसं टाकत होता. डोक्याला, तोंडाला फडकं बांधलेलं, फक्त डोळे उघडे. दुपारपर्यंत पुढच्या रांगा निळ्याच्या तांबड्या झाल्या. पलीकडे छगन खुर्चीवरून उठून कुंपणापाशी आला, थोडा वेळ उभा राहिला, खोकला, आणि परत गेला. त्याने हाक मारली नाही. निंबाच्या हातात त्या दिवशी तरण्या माणसाचं बळ आलं होतं. ट्रॅक्टरवाला दमला, पण तो दमला नाही. कित्येक दिवसांनी दुपारी त्या बाजूला बघताना त्याच्या डोळ्यांवर तिरीप आली नाही.

रात्री दहिवर पडलं. सकाळी भुशाचा लगदा होऊन काचांना चिकटला होता. पाण्याच्या माऱ्याने तो निघेना. हितेंद्रने सगळ्या बायांना बोलावून घेतलं आणि पोतेरी टाकून हाताने, चिंध्यांनी चोळायला लावलं. ऊन चढेपर्यंत निम्म्याही रांगा झाल्या नाहीत. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. टाकीतलं पाणी बर्फासारखं.

पहिल्या दिवशी नूतन घरी आली तेव्हा साडीचा खालचा काठ ओला होऊन पोटऱ्यांना चिकटला होता. कोपरापर्यंत हात लाल झाले होते आणि त्यावर गांधी उठल्या होत्या. मानेवरही. ती चुलीपाशी बसून कुडकुडत राहिली. कुंदाबाईने खोबऱ्याचं तेल कोमट करून तिच्या हातांना लावलं. संध्याकाळी तिला ताप चढला, तरी सकाळी ती गेली. काम सोडलं तर दुसरी बाई घेतील, ही तिला भीती होती.

तिसऱ्या दिवशी निंबा ओट्यावर बसलेला असताना ती आली आणि त्याच्यासमोर थांबली. सासऱ्यासमोर अशी ती कधी थांबली नव्हती. पदर डोक्यावर होता, पण दोन्ही हात तिने पुढे धरले होते.

"आबा," ती म्हणाली, "यंदा खळं तठे काबर लायं?"

निंबाने त्या हातांकडे पाहिलं. बोटांच्या पेरांवरची कातडी फाटली होती. त्याला ट्रॅक्टर वळवायचं कारण सांगता आलं असतं. पण तो वाकून टाचेतला चिखल काडीने उकरू लागला. नूतन आत गेली. कुंदाबाई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती नवऱ्याकडे बघत राहिली, आणि त्या दिवशी तिने त्याला जेवायला हाक मारली नाही. तो आपणहून उठून ताट घेऊन बसला.

पुढे कळलं की हितेंद्रने छगनला विचारलं होतं, हे मुद्दाम केलंय का, तक्रार द्यायची का. छगन म्हणाला होता, मळणी आहे, वारा आहे, शेतीच्या गावात हे चालायचंच. मोतीलालने हे पारावर सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. छगनचं मन मोठं आहे म्हणाले.

निंबाला ते तक्रारीपेक्षा जास्त लागलं. भाडं गेलं, खुर्ची गेली, आता थोरलेपणही बरडाच्याच वाटणीला गेलं. तो घरी येताना रस्त्यात दोनदा थांबला.

माघ लागला आणि एके दिवशी दिवसाची लाईट खरंच आली. सकाळी सूर्य वर आला तशी शिवारातल्या मोटारी एकेक करून सुरू झाल्या आणि दिवस मावळेपर्यंत चालत राहिल्या. मध्येच आभाळ आलं तरी दाब कमी झाला नाही. बर्फाच्या गाड्यांतून येते आता, असं योगराज म्हणाला. लोकांनी फाटकावर नारळ फोडला, पेढे वाटले. ज्याच्या पोराला मागच्या वर्षी रात्री पाणी भरताना साप चावला होता तो रतिलाल तिथे उभ्या उभ्या रडला. निंबा गेला नाही. आलेला पेढा त्याने वासराच्या तोंडात घातला.

रात्रीची लाईट त्याच दिवसापासून बंद झाली. शिवारात सगळ्यांचे पाट वाहत होते. निंबाची मोटार तेवढी बंद होती.

पहिल्या दिवशी तो म्हणाला, आज राहू दे. दुसऱ्या दिवशी म्हणाला, मोटारीचा आवाज बरोबर येत नाही, बघून लावू. योगराजने स्टार्टर उघडून पाहिला, काही बिघाड नव्हता. तो बटण दाबायला गेला तेव्हा निंबाने त्याचा हात धरला. बापाने असा हात धरलेला योगराजला लहानपणापासून आठवत नव्हता. तो निघून गेला आणि दिवसभर घरी आला नाही.

गव्हात चीक भरत होता. दुपारच्या वेळी पानं सुरळी होऊन उभी राहू लागली. चौथ्या-पाचव्या दिवशी वाफ्यांच्या कडा पांढऱ्या पडल्या आणि जमिनीला भेगा गेल्या. कुंदाबाई वाफ्यात बसली, एक लोंबी मोडून तिने नखाने दाणा दाबला, आणि तशीच ती लोंबी नवऱ्यासमोर धरली.

"आज पानी नही भेटनं तं दाना बारीक ऱ्हाई," ती म्हणाली. "तुम्ही नका लावा. मी लावस."

निंबा म्हणाला की पाणी तो देणारच आहे. त्या लाईटीवर नाही, इंजिनावर देईल.

जुनं डिझेल इंजिन गोठ्यामागच्या पत्र्याखाली पडलं होतं. लाईट नव्हती त्या काळातलं. कोंबड्या त्याच्यावर बसत. निंबाने ते फळ्या लावून, पहारीने सरकवत बैलगाडीत चढवलं आणि एकट्याने विहिरीवर नेलं. दिवसभर तो त्याच्याशी झटत होता. नळीतली घाण काढली, पट्टा चढवला, नवं तेल घातलं. हात कोपरापर्यंत काळे झाले. पलीकडे कुंपणाआडून छगन बघत होता. निंबाला ते कळत होतं, आणि म्हणूनच तो थांबत नव्हता.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर त्याने हँडल घातलं आणि फिरवायला सुरुवात केली. इंजिन दोनदा धापलं आणि बसलं. त्याने तळहातावर थुंकून पुन्हा धरलं. पाठीची शीर ताठ झाली होती, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. तिसऱ्या वेळी इंजिनाने उलटा झटका दिला. हँडल मागे आलं आणि मनगटाच्या वर बसलं. लाकूड मोडावं तसा आवाज झाला. निंबा ओरडला नाही. तो विहिरीवरचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या कडेवर बसला आणि डाव्या हाताने उजवा हात पोटाशी धरून राहिला. हात मध्येच वाकडा झाला होता.

कुंदाबाई आणि नूतन लांबच्या बांधावर गवत कापत होत्या. त्यांच्या आधी छगन पोचला. फाटकातून वळसा घालून यायचं म्हणजे लांब पडत होतं. तो पळत आला होता आणि त्याला श्वास पुरत नव्हता. खोकत खोकतच त्याने गळ्यातला मफलर काढला, निंबाचा हात त्यात गुंडाळून मानेला अडकवला. मग गावात जाऊन मोटारसायकल घेऊन आला. निंबा नको म्हणाला. योगराज येईल, त्याच्याबरोबर जातो म्हणाला. योगराज धुळ्याला गेला होता, संध्याकाळशिवाय येणार नव्हता. कुंदाबाई त्याच्या समोर उभी राहून एवढंच म्हणाली, "बसा."

तो बसला. पारोळ्यापर्यंत रस्ता खराब. प्रत्येक खड्ड्याला हाडावर हाड घासे आणि डोळ्यांपुढे अंधारी येई. एक हात गळ्यात, धरायला काही नाही. शेवटी त्याने डावा हात छगनच्या कमरेभोवती टाकला. छगनचं अंग हडकुळं होतं. सदऱ्याखाली बरगड्या लागत होत्या. लहानपणी याला पाठुंगळी घेऊन तो नाला ओलांडत असे. तेव्हाही हा असाच हलका होता.

पारोळ्याच्या दवाखान्यात फोटो काढला, हाड बसवलं, प्लास्टर घातलं. हाड बसवताना छगनने त्याचं डोकं आपल्या छातीशी दाबून धरलं होतं. नंतर दोघं बाहेरच्या बाकावर बसले. प्लास्टर वाळेपर्यंत थांबायला सांगितलं होतं. छगनने चहा आणला. निंबाला डाव्या हाताने कप नीट धरता येईना, तेव्हा त्याने तो बाकावर ठेवून दिला. समोरून बाजार समितीकडे कापसाच्या गाड्या जात होत्या.

"तो भुसा मी मुद्दाम उडाया," निंबा म्हणाला.

"माले म्हाईत शे."

"माले तुनं बरं चालेल देखाई नही ऱ्हायनं, छगन. डोयाले लागस. सकायथीन लागस."

छगनने मान हलवली. त्याला यात नवल वाटलेलं दिसलं नाही. तो रस्त्याकडे बघत बोलला, हळूहळू, मध्ये खोकत.

"मन्हं बी तसंच व्हतं. डिंपलनी माय तुना वावरमा कापूस येचाले जाये. मी घर बशी ऱ्हाऊ. सनले तू गहू देस, ते ती घर लई ये. त्या गहूनी पोयी मना घशाखाल उतरे नही, भाऊ. लोके म्हनेत सुरतले पोट भराले गया. पोट आठे बी भरतं. तुनं वावर देखानं नको, म्हनीसन गऊ."

निंबा त्याच्याकडे बघत राहिला. पायलीभर गहू पदरात घालताना त्याने कधी विचार केला नव्हता की तो घरी नेऊन कोण खातं आणि कसं खातं. त्याच्या आयुष्यातल्या चांगल्या कामांपैकी ते एक होतं.

"मंग जास का ते?" त्याने विचारलं. "लांब गयावर?"

छगनने विचार केला.

"जात नही," तो म्हणाला. "कमी व्हस."

निंबाला लांब जायला कुठे जागा नव्हती. या वयात कोणती मिल त्याला ठेवून घेणार होती. बांध तोच राहणार, कुंपण तेच राहणार आणि रोज सकाळी उठून त्याच बाजूला तोंड करून बसायचं. त्याने चहाचा कप डाव्या हाताने उचलला. थोडा अंगावर सांडला. गार झाला होता, तरी त्याने तो पिऊन टाकला.

ते परत आले तेव्हा दिवस बराच कलला होता. गावात न जाता निंबाने गाडी वावराकडे घ्यायला सांगितली. लांबूनच मोटारीचा आवाज आला. विहिरीवरच्या नळातून पाणी थारोळ्यात पडत होतं आणि पाट भरून वाहत होता. कुंदाबाईने बटण दाबलं होतं. ती लुगडं वर खोचून पाटात उभी होती आणि नूतन फावड्याने वाफे फोडत होती. तिच्या हातांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. वरच्या अंगाचे वाफे भिजून काळे झाले होते. तहानलेली जमीन पाणी पिताना बारीक आवाज करत होती आणि भेगांतून बुडबुडे वर येत होते.

निंबा बांधावर बसला. हातात कळा येत होत्या. कुंदाबाईने एकदा प्लास्टरकडे पाहिलं, एकदा त्याच्या तोंडाकडे, आणि ती पुन्हा कामाला लागली. तो नूतनला म्हणाला की तू घरी जा, हाताला पाणी लावू नको. एवढंच त्याला म्हणता आलं. नूतनने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. फावडं मात्र तिने खाली ठेवलं नाही.

ते छगनने तिच्या हातातून घेतलं. चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाटात उतरला. सुरतेला गेल्यापासून त्याने पिकाला पाणी दिलं नव्हतं. बरडावर पाणी कुठलं. त्याने वाफ्याचं तोंड फोडलं ते फार रुंद फोडलं. पाणी एकदम घुसलं, वाफा भरला आणि खालचा बांध फुटून पाणी नाल्याकडे धावू लागलं. छगन घाईघाईने चिखल टाकत होता आणि चिखल वाहून जात होता.

निंबा ते बघत होता. इतक्या दिवसांनी त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं. ते भावाविषयीचं प्रेम नव्हतं, हे त्याला स्वतःला कळत होतं. छगनला हे येत नाही आणि मला येतं, एवढंच ते होतं. त्याला त्याची लाज वाटली, पण बरंही वाटलं.

"वरथून नको टाकू," तो बसल्या जागेवरून म्हणाला. "खाले गवतना पेंडका दाब. मंग त्यावर माती."

छगनने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग वाकून त्याने बांधावरचं गवत उपटलं, त्याचा पेंडका केला आणि फुटलेल्या जागी पायाने दाबला. पाणी अडलं. शेजारच्या वाफ्याकडे वळलं.

"आशे?" त्याने विचारलं.

"हा," निंबा म्हणाला. "आते दुसरा फोड. तोंड बारीक ठेव."